दोन व्याह्यांचं इंजिन

फॉल्टसाहेब निवृत्त झाले तेव्हा टेलिफोन खात्याने त्यांच्याकडून पक्कड, टेस्टिंगचा रिसीव्हर आणि ओळखपत्र परत घेतलं. नाव तेवढं घ्यायचं राहून गेलं. चौतीस वर्षं शहरातल्या मुक्या झालेल्या टेलिफोनांचे फॉल्ट शोधून त्यांना हे नाव पडलं होतं. आता टेलिफोनच घराघरांतून उठून गेले, पण नाव अंगाला चिकटलं ते चिकटलंच.

त्यांची पद्धत सरळ होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तपासायची आणि डॉकेटात, म्हणजे फॉल्टच्या नोंदवहीत, लिहायची. दोन गोष्टी एकदम बदलून फोन सुरू झाला तर तो दुरुस्त झाला असं ते मानत नसत. तो नुसता मेहेरबान झाला, असं म्हणत. मेहेरबानीवर त्यांचा विश्वास नव्हता. खात्यातले तीन वरिष्ठ मेहेरबानीनेच वर चढले होते.

निवृत्तीनंतर पहिल्या दोन महिन्यांत घरातले सगळे फॉल्ट संपले. दाराची घंटा झाली, इस्त्री झाली, पंख्याचा रेग्युलेटर झाला. तिसऱ्या महिन्यात त्यांनी चालू वस्तू उघडायला सुरुवात केली.

"अहो, फ्रिज चालतोय की," पत्नी म्हणाली.

"का चालतोय, ते बघतोय."

पत्नीने त्याच संध्याकाळी लेकीला बोलावून घेतलं. लेक आली, स्वयंपाकघरात पसरलेले स्क्रू ओलांडून वडिलांजवळ बसली आणि म्हणाली, "बाबा, आमच्या पप्पांकडे विमानाचं एक इंजिन आहे. खेळण्यातल्या विमानाचं, मुठीएवढं, पण खरं पेट्रोलवर चालणारं. तीस वर्षं चालू झालेलं नाही."

"तीस वर्षं?" फॉल्टसाहेबांनी फ्रिज होता तसा मिटला. दुर्मीळ रोगाचा रोगी गावात आलाय असं ऐकून वैद्याचं जे होईल, ते त्यांचं झालं.

पप्पा म्हणजे लेकीचे सासरे, म्हणजे फॉल्टसाहेबांचे व्याही. पेशाने दातांचे डॉक्टर. लग्नाला सव्वा वर्ष झालं होतं आणि एवढ्या काळात दोन्ही व्याह्यांमध्ये जे काही बोलणं झालं होतं त्यात "या, या", "बसा, बसा" आणि "छे छे, तसं काही नाही" यापलीकडे चौथं वाक्य नव्हतं. दोघांनाही एकमेकांचा अतोनात आदर होता. इतका, की समोरासमोर बसले की दोघांची मान अवघडायची.

इंजिनाबरोबर आणखी एक बातमी आली. गावाबाहेरच्या मैदानावर दर रविवारी सकाळी विमानं उडवणाऱ्यांचा क्लब भरत असे. सगळे बॅटरीवाले. पण क्लबच्या जुन्या नियमाप्रमाणे साडेनऊ ते दहा ही वेळ ठिणगीवर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनांसाठी राखलेली होती. त्यातला शेवटचा गडी विमानं विकून बागकामाला लागला होता आणि अकरा रविवार तो अर्धा तास रिकामा जात होता. रिकामं मैदान आणि रिकामी खुर्ची कोणाला बघवत नाही. क्लबच्या सेक्रेटरीबाई, शाळेत खेळाच्या शिक्षिका, गळ्यात कायम शिट्टी. त्यांनी फळ्यावर नोटीस लावली, की तीन महिन्यांत एका तरी ठिणगीवाल्या विमानाने दहा फेऱ्या मारल्या नाहीत, तर अर्धा तास बॅटरीवाल्यांना देण्यात येईल.

फॉल्टसाहेबांनी मैदानावर जाऊन ती नोटीस दोनदा वाचली. चौतीस वर्षं त्यांना रोज सकाळी साडेनऊला कुठे तरी असायचं असे. आता आठवड्याचे सातही दिवस साडेनऊ वाजत आणि त्यांची कुठेच वाट पाहिली जात नसे. जगात एक अर्धा तास असा होता की जो जुन्या यंत्राच्या जुन्या माणसासाठी राखून ठेवलेला होता, आणि तोही जायच्या बेतात होता. तिथल्या तिथे त्यांनी सभासदत्वाचा अर्ज भरला. विमान नव्हतं, इंजिन दुसऱ्याचं होतं आणि तेही बंद होतं. पण जागा धरून ठेवली.

विमान त्यांनी तीन आठवड्यांत बांधलं. हलक्या लाकडाचं, कागद चढवून वार्निश दिलेलं, तांबड्या पंखांचं. हे मोकळं उडणारं विमान नव्हे. दोन लांब तारांच्या टोकाला बांधलेलं ते गोल गोल उडतं, मधोमध उभा राहिलेला माणूस हातातल्या मुठीने त्याला वरखाली करतो आणि त्याच्याबरोबर स्वतःही गोल फिरत राहतो. क्लबातल्या एकाचं बॅटरीचं विमान मागून घेऊन फॉल्टसाहेबांनी तोही सराव केला. पाच फेऱ्यांपर्यंत जग जागेवर राहत होतं.

राहिलं इंजिन.

कार्यशाळा म्हणून डॉक्टरांनी दवाखान्यामागची खोली दिली. तिथे त्यांची जुनी, मोडीत काढलेली दातांची खुर्ची होती. तिच्यावर पट्ट्यांनी विमान बांधलं. वरचा दिवा नाकावर ओढला. शेजारच्या ट्रेमध्ये आरसे, आकड्या, चिमटे ओळीने मांडले. इंजिन आ वासून पडलं होतं आणि दोन व्याही दोन बाजूंनी त्याच्या तोंडात बघत होते.

दवाखाना दुपारी एक ते चार बंद असे. मंगळवार, गुरुवार, शनिवार दोन वाजता जमायचं ठरलं.

"डॉक्टरसाहेब, आपण सुरुवात करा," फॉल्टसाहेब म्हणाले.

"छे छे, इंजिन माझं असलं तरी फॉल्ट तुमचा, साहेब."

"माझा कसा? तुमच्याकडे तीस वर्षं आहे."

"म्हणजे शोधणं तुमचं, असं म्हणायचं होतं."

"तसं काही नाही, तसं काही नाही."

यात दहा मिनिटं गेली.

इंजिनाची ठिणगी पडते ती अशी. बॅटरीचा प्रवाह कॉइलमध्ये जातो, आणि वाटेत धातूच्या दोन बारीक टिकल्या असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. इंजिन फिरलं की टिकल्या मिटतात आणि उघडतात. उघडल्या त्या क्षणी कॉइल चवताळते आणि प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. टिकल्या स्वच्छ हव्यात आणि प्लगच्या दोन टोकांतली फट, म्हणजे गॅप, बेताची हवी. एवढंच. एवढ्याचसाठी जगात कित्येक माणसं म्हातारी झाली आहेत.

पहिल्या दिवशी प्लग काढून बघितला. डॉक्टरांनी तो चिमट्याऐवजी बोटांत धरला, फॉल्टसाहेबांनी विमानाच्या नाकावरचा पंखा फिरवला, आणि डॉक्टरांचा हात कोपरापासून उडाला.

"लागला का करंट?" फॉल्टसाहेब घाबरून म्हणाले.

"छे छे," डॉक्टर डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले. "छान आहे हो करंट. अगदी दर्जेदार."

प्लगच्या गॅपचा विषय निघाला. माहितीपत्रक केव्हाच हरवलं होतं. डॉक्टर म्हणाले, "लहानपणी माझे मामा याचा गॅप चार ठेवायचे." म्हणजे मिलिमीटरचे दहा भाग केले, त्यातले चार. फॉल्टसाहेबांच्या मते एवढ्या फटीत ठिणगी नुसती गुदमरते. ठिणगी कशी, दिसली पाहिजे! सात तरी हवा. पण व्याह्यांच्या मामांना चूक कसं म्हणायचं?

"वा! चार म्हणजे उत्तमच," ते म्हणाले.

आणि गुरुवारी वीस मिनिटं आधी येऊन, डॉक्टरांनी दिलेल्या किल्लीने खोली उघडून त्यांनी गॅप सात केला. डॉक्टरांना वाईट वाटायला नको. इंजिन एकदा सुरू झालं की कोण बघतंय किती आहे ते? भीड ही भिकेची बहीण आहे, असं जुने लोक सांगून गेले. त्यांना बहुधा दोन व्याही एका इंजिनाला लागलेले माहीत असावेत.

जाता जाता त्यांनी टिकल्याही तपासल्या. त्यांच्यावर तेलाचा पातळ थर होता. स्पिरिटने पुसून लख्ख केल्या. मग दोन वाजता डॉक्टर आले. प्लग बाहेर काढून फिरवला तर अशी निळी, जाड, टपोरी ठिणगी पडली की दोघांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. प्लग परत आत बसवला, पेट्रोल सोडलं, पंखा मारला. इंजिनाने एकदा "फुस्" केलं आणि गप्प झालं.

"होईल, होईल," डॉक्टर म्हणाले.

शनिवारी फॉल्टसाहेब पुन्हा लवकर आले. गॅप चार झालेला होता. टिकल्यांवर पुन्हा तेल.

त्यांनी गॅप पुन्हा एकदा मोजला. मग त्यांनी डॉकेट काढून लिहिलं, "गॅप आपोआप कमी होतो. कारण: धातूला जुन्या आकाराची आठवण असावी. टिकल्यांवर तेल. कारण: इंजिनातून पाझरतं." गॅप पुन्हा सात केला, टिकल्या पुसल्या. हे दोन्ही मात्र लिहिलं नाही. चौतीस वर्षांत केलेलं काम न लिहिण्याची ही पहिलीच वेळ. पण डॉकेट ट्रेमध्ये उघडं पडलेलं असे आणि डॉक्टर ते वाचत.

पुढचे सहा आठवडे त्यांनी फॉल्ट शोधला. रीतसर, एका वेळी एक. नव्या बॅटऱ्या घातल्या. कंडेन्सर बदलला. प्लगपर्यंत जाणारी जाड वायर बदलली. अर्थिंगच्या स्क्रूखालचं वार्निश खरवडलं. ठिणगी लवकर पाडून पाहिली, उशिरा पाडून पाहिली. बाहेर काढून पाहावा तर प्लग झगमगाट करी, आत बसवला की इंजिन मौनात जाई. कधी एखादा "फट्" आवाज निघे, तेवढाच. एकदा दाढ ठणकते म्हणून अवेळी आलेल्या बाईंनी बाहेरच्या बाकावरून तो "फट्" ऐकला आणि पाठोपाठ डॉक्टरांचं "अजून एकदा, जोरात!" ऐकलं. त्यांची दाढ जागच्या जागी बरी झाली आणि त्या घरी गेल्या.

लेक एक दिवस डबा घेऊन आली आणि डॉकेट चाळत बसली.

"बाबा, धातूला आठवण असते?"

"असते. स्टीलला असते."

"आठवण असेल. हात असतात का?"

"म्हणजे?"

"काही नाही. तुम्ही दोघं एकमेकांशी बोलता का कधी?"

"अगं, सतत बोलतो!" फॉल्टसाहेब दुखावून म्हणाले. "आत्ताच हवापाण्यावर बोलत होतो."

लेकीने सासऱ्यांकडे बघितलं. सासरे खिडकीबाहेर बघत होते. ती डबा ठेवून निघून गेली.

मुदतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, इंजिन लागोपाठ दोनदा खोकलं. तेवढ्यावर दोघांनी आशा धरली. "सकाळी हवा थंड असते, पकडेल," असं डॉक्टर म्हणाले. विमान त्यांच्या गाडीत मावत असल्यामुळे ते त्यांनीच थेट मैदानावर आणायचं ठरलं.

रविवारी साडेनऊला सेक्रेटरीबाईंनी शिट्टी वाजवली. बॅटरीवाले आपापली विमानं मांडीवर घेऊन खुर्च्यांवर बसले. दोघी विहिणी एका सतरंजीवर, मध्ये लेक. जावई कामानिमित्त बाहेरगावी होता, पण त्याच्या बायकोला तो शहाणपणाने गेल्याचा संशय होता.

फॉल्टसाहेबांनी पंखा मारला. काही नाही. दहा वेळा मारला. खोकला नाही, फुस् नाही. त्यांनी प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि डॉक्टरांना फिरवायला सांगितलं.

ठिणगीच नाही.

सात आठवडे ठिणगी कधी चुकली नव्हती. फॉल्ट जुना असेल तर माणूस त्याच्याशी नातं जोडून बसतो. आज हा अनोळखी फॉल्ट दारात उभा होता आणि हातात अठ्ठावीस मिनिटं होती.

त्यांनी बॅटरीला छोटा बल्ब लावला. लागला. वायरी ओढून बघितल्या. घट्ट. स्विच ठीक. मग डॉक्टरांच्या खिशातला दात बघायचा आरसा मागून घेतला आणि टिकल्यांवरचं झाकण काढून आत डोकावले. टिकल्या तेलाने न्हायलेल्या होत्या. त्यांनी बोट लावून वास घेतला. इंजिनाच्या तेलाला पेट्रोलचा वास येतो. याला येत नव्हता. याला दवाखान्याचा वास येत होता. हे दात कोरायच्या मशीनचं तेल होतं.

पावणेदहाला दहा मिनिटं कमी होती. फॉल्टसाहेबांनी मान वर केली.

"डॉक्टरसाहेब, एक विचारू का? रागावणार नाही ना?"

"छे छे, विचारा."

"यावर तेल आपण घालता?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. "थोडंसंच. दवाखाना बंद करताना मी सगळ्या मशिनांना तेल देतो, तीस वर्षांची सवय. मग हे बिचारं कोरडं ठेवायला कसंतरी वाटतं. तुम्ही रोज स्पिरिटने घासून घासून त्याला अगदी कोरडंठाक करता."

"तुम्हाला माहीत होतं मी घासतो ते?"

"वास येतो ना स्पिरिटचा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला काय वाटेल म्हणून!"

"अहो, तेलातून वीज जाते का?" फॉल्टसाहेबांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "टिकलीला टिकली नको का भेटायला? मध्ये तेल, म्हणजे दोघांमध्ये भिंत! सात आठवडे मी तुमचं तेल पुसतोय!"

"आणि सात आठवडे मी तुमचा गॅप मिटवतोय!" डॉक्टरही उखडले. "चार म्हटलं तर 'वा वा उत्तम' म्हणालात. दोन दिवसांनी बघतो तर सात! मी चार करून जातो, परत सात! मला वाटलं, इंजिनाला भूतबाधा झाली."

"मला वाटलं धातूला आठवण आहे!"

"धातूला कसली डोंबलाची आठवण!"

"मग चार केलात ते सांगायचं नाही? मांजरासारखं डोळे मिटून दूध पिताय!"

"आणि तुम्ही वीस मिनिटं आधी येऊन काय करत होतात, पूजा? शेजारचा केमिस्ट सांगतो मला, तुमचे व्याही रोज कुलूप उघडून आत जातात म्हणून!"

सतरंजीवर फॉल्टसाहेबांच्या पत्नीने पदर तोंडाला लावला. विहीणबाई पुढे सरकून म्हणाल्या, "आमचे हे घरी असे बोलत नाहीत हो कधी."

"आमचेही नाही," पत्नी म्हणाली. "बोलू द्या. बरं वाटतंय ऐकायला."

"वीस मिनिटं राहिली," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. बॅटरीवाल्यांनी खुर्च्या जवळ ओढल्या. एवढी करमणूक त्या मैदानावर यापूर्वी झाली नव्हती.

फॉल्टसाहेबांनी स्पिरिटची बाटली काढली. कागदाची पट्टी भिजवून दोन टिकल्यांच्या मधून तीनदा ओढली, मग कोरडी ओढली. आरशातून बघितलं. लख्ख. मग त्यांनी प्लग उचलला आणि गॅप उघडायला पक्कड हातात घेतली.

डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं. "काय करताय?"

"सात करतोय. चारात ठिणगी दिसत नाही."

"तुम्हाला ठिणगी बघायचीय की विमान उडवायचंय? बाहेर उघड्यावर सात काय, नऊवरही उडेल. आत इंजिन दाबतं ना हवा! त्या दाबात एवढीशी कॉइल सातावरून उडी मारणार आहे का? म्हणून बाहेर दिवाळी आणि आत अंधार!"

"हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"आत्ता तुम्ही ओरडलात म्हणून मला सांगता आलं! आणि तुमचाच नियम ना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची? टिकल्या पुसल्यात, झाला एक बदल. गॅपला हात लावायचा नाही. आधी फिरवून बघा."

फॉल्टसाहेब पक्कड हातात घेऊन तसेच राहिले. चौतीस वर्षांत त्यांचा नियम त्यांच्यावर कोणी उलटवला नव्हता. वरिष्ठांनाही ते जमलं नव्हतं, कारण वरिष्ठांना नियम माहीत नव्हता. त्यांच्या सगळ्या अंगाला सात हवा होता. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी पक्कड गवतावर टाकली.

"फिरवा," ते म्हणाले.

प्लग अंगाला टेकवला. टिचभर, बारीक, काडीच्या टोकाएवढी ठिणगी पडली. दिसली न दिसली.

"ही?" फॉल्टसाहेब तुच्छतेने म्हणाले.

"हीच. बसवा आत."

प्लग आत गेला. डॉक्टरांनी टाकी भरली, पेट्रोलचा एक थेंब इंजिनाच्या नाकात सोडला, काठीने पंखा एकदा मागे, एकदा पुढे केला आणि सपकन मारला.

इंजिन सुरू झालं.

नुसतं सुरू झालं नाही, तीस वर्षांचं साठलेलं एकदम बोलायला लागलं. मैदानाच्या कडेचे पक्षी उडाले. बॅटरीवाल्यांची विमानं मांडीवर थरथरली. निळा धूर डॉक्टरांच्या चष्म्यावर बसला आणि ते काहीतरी ओरडत होते, पण ऐकू येत नव्हतं. बहुधा "मामा!" असावं.

फॉल्टसाहेब धावत मधोमध गेले, मूठ पकडली, तारा ताणल्या आणि हात वर केला. डॉक्टरांनी विमान सोडलं. ते गवतावरून थोडं उड्या मारत गेलं, मग चाकं सुटली आणि तांबडं विमान हवेत होतं.

"एक!" सेक्रेटरीबाईंनी शिट्टी फुंकली.

पाच फेऱ्यांपर्यंत सगळं जागेवर होतं. सहाव्या फेरीत सतरंजी थोडी तिरकी झाली. आठव्या फेरीत दोन विहिणींच्या चार झाल्या. नववीला फॉल्टसाहेबांनी दात आवळले. अर्धा तास, ते स्वतःला सांगत होते, माझा अर्धा तास आहे.

"दहा!" शिट्टी लांबलचक वाजली. टाळ्या पडल्या. सेक्रेटरीबाईंनी हात हलवून "झालं, उतरवा" अशी खूण केली.

पण उतरवणार कसं? हे इंजिन बंद करायची कळ विमानावर होती आणि विमान हवेत होतं. पेट्रोल संपेल तेव्हाच ते थांबणार, आणि डॉक्टरांनी आनंदाच्या भरात टाकी काठोकाठ भरली होती.

तेराव्या फेरीला फॉल्टसाहेबांचे पाय एकमेकांत अडकले. विमानाने गवताच्या दिशेने एक डुबकी घेतली आणि सगळं मैदान "अरे!" म्हणालं. त्यांनी कसंबसं सावरलं.

"चक्कर येतेय का?" डॉक्टर कडेवरून ओरडले.

"येतेय!" फॉल्टसाहेब ओरडले. दीड वर्षात त्यांनी "छे छे" न म्हणता व्याह्यांना दिलेलं हे पहिलं उत्तर होतं.

शहरातले नावाजलेले दंतवैद्य ओणवे झाले. इस्त्रीच्या पँटसकट हातांपायांवर आले आणि डोक्यावरून सपसप जाणाऱ्या तारांखालून रांगत मधोमध पोहोचले. उठून त्यांनी मागून फॉल्टसाहेबांची कंबर दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मी धरलंय. तुम्ही विमानाकडे बघा फक्त. जमिनीकडे बघू नका."

"टाकी कशाला एवढी भरलीत?"

"कोणाला माहीत होतं सुरू होईल म्हणून!"

"तिरके जाऊ नका, माझ्या पायावर पाय देताय!"

"तुझेच पाय मध्ये येतायत! डावा उचल!"

"अरे, डावाच उचललाय!"

कोण कोणाला अरे म्हणालं ते त्या वेळी कोणाच्याच लक्षात आलं नाही, दोघांच्याही नाही. एका जागी दोन गृहस्थ एकमेकांना धरून गरगर फिरत होते, मोठमोठ्याने भांडत होते आणि त्यांच्याभोवती तांबडं विमान घोंगावत होतं. लेक हसून हसून सतरंजीवर आडवी झाली होती. सेक्रेटरीबाईंनी पस्तीसपर्यंत मोजलं आणि मग मोजणं सोडून दिलं.

शेवटी इंजिन अडखळलं, फटफटलं आणि बंद पडलं. विमान तरंगत खाली आलं, गवतात चाकं टेकली, थोडं धावलं आणि उभं राहिलं. पंखाला ओरखडा नाही. मधोमधचे दोघे मात्र तेवढे डौलदार उतरले नाहीत. विमान थांबलं तरी ते दोन फेऱ्या जास्त फिरले आणि मग बुडाखाली जमीन आली तिथे बसले, तिथून आडवे झाले.

सेक्रेटरीबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. फॉल्टसाहेबांना त्या तीन दिसत होत्या. त्यांनी मधल्या बाईंकडे बघितलं.

"साडेनऊ ते दहा तुमचं," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "नियमाप्रमाणे. फळ्यावरची नोटीस काढते मी."

त्या गेल्या. आभाळ अजून फिरत होतं. दोघे व्याही त्याखाली पाठीवर पडून राहिले.

"पुढच्या रविवारी मी उडवणार," डॉक्टर म्हणाले.

"तुला जमायचं नाही. पाच फेऱ्यांत कोसळशील."

"तू धर ना मागून."

फॉल्टसाहेबांनी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांआडही विमान फिरतच होतं, आणि त्याला फिरू द्यायला त्यांची काहीच हरकत नव्हती.

"बरं, धरतो," ते म्हणाले. "पण साडेनऊ म्हणजे साडेनऊ. मी वाट बघणार नाही."